स्थलांतरित भाषेची परीक्षा

संगणकाच्या इतिहासाविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते त्यात यंत्रांचा इतिहास असतो, ती यंत्रे विकून धनाढ्य झालेल्यांचा तर असतोच असतो. यंत्रांसाठी रचलेल्या भाषांचा इतिहास मात्र क्वचितच आढळतो. ‘भाषा’ हा शब्द तिथे केवळ सोयीसाठी उसना घेतला आहे असे गृहीत धरून साहित्याचे अभ्यासक त्या वाटेला जात नाहीत, आणि संगणकाचे अभ्यासक इतिहासाच्या वाटेला जात नाहीत. आम्ही मराठीचे अध्यापक. यंत्राशी आमचा संबंध प्रश्नपत्रिका टंकित करण्यापुरता. तरीही एम. ए.च्या वर्गाला भाषाविज्ञान आणि पाठचिकित्सा शिकवताना एका घटनेकडे आम्ही पुनःपुन्हा वळत राहिलो. ती घटना म्हणजे १९७७ साली ‘सी’ या भाषेने आपले जन्मघर सोडून परक्या यंत्रावर केलेले स्थलांतर, आणि ते नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी द्यावी लागलेली परीक्षा. भाषेचा नियम कोणता आणि ती वापरणाऱ्यांची सवय कोणती, हा आपल्या शास्त्राचा जुना प्रश्न त्या परीक्षेत ज्या उघडेपणाने समोर आला, तसा तो मानवी भाषांच्या बाबतीत सहसा येत नाही.

आधी थोडी पूर्वपीठिका. प्रोसेसरला अंकांत मांडलेल्या मोजक्या आज्ञाच कळतात, आणि दर जातीच्या प्रोसेसरची आज्ञांची यादी निराळी असते. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली संहिता त्या अंकांत उतरवणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. त्याला अनुवादक म्हणण्याचा मोह होतो आणि तो अगदीच गैर नाही. पण अनुवाद बिघडला तर माणसांच्या जगात वाचक कुरकुरतो, समीक्षक टोचतो. इथे यंत्र बिघडलेला अनुवाद निमूटपणे अमलात आणते. कंपायलरही एक प्रोग्रॅमच असल्याने तो स्वतः ज्या भाषेचा अनुवाद करतो त्याच भाषेत लिहिता येतो. एमआयटीमध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी १९६२ साली ‘लिस्प’ भाषेचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला आणि त्याच्याकडून त्याचाच अनुवाद करून घेतला. स्वतःचे भाषांतर स्वतः करणारा भाषांतरकार ही कल्पना ऐकताना गमतीची वाटते. पुढे तीच या परीक्षेचे मुख्य साधन ठरली आणि तीच तिची सर्वांत मोठी अडचणही ठरली.

सी भाषेचे घर म्हणजे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे असलेली बेल लॅबोरेटरीज ही संशोधनसंस्था. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्‌स यांची ‘बीसीपीएल’, तिच्यावरून केन थॉम्प्सन यांनी केलेली ‘बी’, आणि बी पुरी पडेना म्हणून डेनिस रिची यांनी १९७१ ते १९७३च्या दरम्यान घडवलेली सी, अशी ही वंशावळ. हे घडत होते पीडीपी-११ नावाच्या एका लहानशा यंत्रावर, आणि त्या यंत्रावर चालणारी ‘युनिक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टीम त्याच माणसांनी लिहिलेली. १९७३च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. भाषा, यंत्र आणि व्यवस्था अशी तीन अंगे एका घरात, एका हाताखाली वाढली. जिथे सगळेच एकमेकांना ओळखतात तिथे पुष्कळ गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. सीच्या बाबतीतही पुष्कळ गोष्टी न बोललेल्याच राहिल्या होत्या, आणि त्या न बोललेल्या आहेत हे कुणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

सी ही जन्मतःच सर्वत्र जाऊ शकणारी भाषा होती, असे पाठ्यपुस्तके सांगतात. हे विधान आम्हाला मान्य नाही. स्वतः रिची यांनी १९९३ साली लिहिलेल्या भाषेच्या विकासकथेतून वेगळेच चित्र उभे राहते. सीमध्ये लिहिलेली उपयुक्त साधने आरंभी हनीवेल आणि आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर नेण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा सर्वाधिक त्रास नव्या प्रोसेसरने दिला नाही. तो दिला तिथे आधीपासून नांदत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमने. फाइल म्हणजे काय, ओळ कुठे संपते, प्रोग्रॅमला हाक कशी मारायची, याविषयी त्या व्यवस्थांच्या समजुती निराळ्या होत्या. तेव्हा रिची, थॉम्प्सन आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी एक वरकरणी उफराटा निर्णय घेतला: भाषा एकटी पाठवण्यापेक्षा तिचे सगळे बिऱ्हाडच हलवायचे. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीमच इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर न्यायची, आणि त्यासाठी जॉन्सन यांनी कोणत्याही नव्या यंत्राशी थोडक्या श्रमात जुळवून घेता येईल असा कंपायलर लिहायचा. हे काम १९७७ साली झाले. (त्याच वर्षी, ऑस्ट्रेलियातील वोलाँगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी त्याच कंपनीच्या ७/३२ या धाकट्या यंत्रावर युनिक्स चालवून दाखवली होती, तीही बेल लॅबोरेटरीजच्या आधी काही महिने. इतिहासात मोठ्या संस्थेचे नाव मोठ्या टायपात छापले जाते, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.)

आता मौज अशी की नव्या यंत्रावर पोहोचताच जुने, रोजच्या वापरातले, कुणीही शंका न घेतलेले प्रोग्रॅम चुकू लागले. ते का चुकले हे समजून घेण्यासाठी दोन-तीन उदाहरणे सविस्तर पाहावी लागतील. तांत्रिक म्हणून ती ओलांडून पुढे जाऊ नये, अशी वाचकांना विनंती आहे. या निबंधाचा जीव त्यांतच आहे.

पहिले उदाहरण एका अक्षराचे. सीमध्ये अक्षर ठेवायला एक लहान खण असतो, बहुतेक यंत्रांवर आठ बिटांचा. पूर्णांक ठेवायचा खण त्याहून मोठा. लहान खणातले मोठ्या खणात ओतताना उरलेली जागा कशाने भरायची? पीडीपी-११ ती जागा अक्षराच्या सर्वांत डावीकडच्या बिटाने भरत असे. तो बिट एक असेल तर सगळीकडे एक, म्हणजे संख्या ऋण होई. इतर यंत्रे त्या जागी शून्ये भरत. आता फाइलमधून एकेक अक्षर वाचणारा प्रोग्रॅम घ्या. फाइल संपली की वाचणारे फंक्शन उणे एक ही खूण परत देते. ज्याने ती खूण चुकून अक्षराच्या लहान खणात ठेवली, त्याचा प्रोग्रॅम पीडीपी-११वर बिनदिक्कत चालत असे, कारण खणातून बाहेर काढताना ती पुन्हा उणे एक होई. तोच प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर नेला की बाहेर येताना ती दोनशे पंचावन्न होई. उणे एक कधी भेटतच नाही, आणि प्रोग्रॅम संपलेली फाइल अनंतकाळ वाचत बसतो. संहितेत काना-मात्रेचाही फरक नाही.

ब्रायन कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या पुस्तकात चार यंत्रांचे कोष्टक दिलेले आहे: पीडीपी-११, हनीवेल ६०००, आयबीएम ३७० आणि इंटरडेटा ८/३२. पूर्णांकाचा खण पहिल्यावर सोळा बिटांचा, दुसऱ्यावर छत्तीस, उरलेल्या दोन्हींवर बत्तीस. या चारांत अक्षराला असे ऋण चिन्ह चढवणारे यंत्र एकटे पीडीपी-११ होते. ज्याला सगळे नियम समजत होते ती एका घराची रीत होती. कोल्हापूरकराला पुण्यात आणि पुणेकराला नागपुरात गेल्यावर जे कळते, ते इथे यंत्राने कळवले.

दुसरे उदाहरण संख्येचे. एखाद्या संख्येचे शेवटचे सहा बिट पुसायचे असतील तर अष्टमान पद्धतीत ०१७७७०० ही संख्या घेऊन तिच्याशी छेद घ्यावा, अशी चाल होती. सोळा बिटांच्या खणासाठी ही संख्या बरोबर आहे. बत्तीस बिटांच्या खणात मात्र ती शेवटच्या सहांबरोबर वरचे सोळाही पुसून टाकते. सीमध्ये हेच दुसऱ्या प्रकारे लिहिता येत होते: ‘शेवटचे सहा बिट सोडून बाकी सगळे’ अशा अर्थाची रचना उपलब्ध होती, आणि ती खण कितीही मोठा असला तरी खरी ठरते. पहिल्या लेखनात यंत्राचे माप दडलेले आहे, दुसऱ्यात फक्त लेखकाचा हेतू आहे. दोन्ही व्याकरणशुद्धच. त्यांतला भेद जुन्या घरी दिसण्याचा मार्गच नव्हता.

तिसरे उदाहरण क्रमाचे. एका फंक्शनला दोन पदे दिली आणि दोन्ही पदांची किंमत काढताना काही बदल घडत असेल, तर आधी कोणते पद हाताळायचे? पीडीपी-११वरचा कंपायलर उजवीकडून सुरुवात करी, इतर यंत्रांवरचे डावीकडून. भाषेने यावर काहीच म्हटले नव्हते.

आणि बाइटांच्या क्रमाची गोष्ट तर पुढे दंतकथाच झाली. दोन बाइटांची संख्या स्मृतीत ठेवताना पीडीपी-११ धाकटा बाइट आधी ठेवी, इंटरडेटा थोरला आधी. अशा दोन यंत्रांमध्ये मजकुराची ने-आण करताना जोड्या उलट्या लागल्या तर ‘युनिक्स’ या नावाची यू, एन, आय, एक्स ही चार अक्षरे एन, यू, एक्स, आय अशी उमटतात. या साऱ्या गोंधळाला व्यवसायात ‘नक्सी’ची अडचण असे नाव पडले. या दोन पंथांना आज जी नावे आहेत ती डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० या तारखेच्या आपल्या टिपणात रूढ केली, आणि ती घेतली जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून: उकडलेले अंडे थोरल्या टोकाकडून फोडायचे की धाकट्या, यावरून लढणारे ते दोन पक्ष. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला अभियंत्यांसमोर मिरवायला याहून चांगली माहिती मिळणार नाही. मराठीच्या विद्यार्थ्यासाठीही एक आहे. युनिकोडमध्ये ‘अ’चा क्रमांक षोडशमान पद्धतीत ०९०५. ०९ आणि ०५ हे त्याचे दोन बाइट उलट क्रमाने वाचले तर ०५०९ होते, आणि त्या घरात राहते आहे रशियाच्या उत्तरेकडील कोमी भाषेसाठी एकेकाळी वापरलेले सिरिलिक लिपीचे एक अक्षर. दोन-दोन बाइटांत साठवलेल्या मजकुराच्या आरंभी एक अदृश्य खूण ठेवण्याची सोय आहे ती याचसाठी: वाचणाऱ्या यंत्राला कळावे की अंडे कोणत्या टोकाने फोडायचे आहे.

या अनुभवातून बेल लॅबोरेटरीजच्या मंडळींनी काय केले, हे महत्त्वाचे आहे. पीडीपी-११ची रीत हीच प्रमाण, असे म्हणून त्यांना मोकळे होता आले असते. भाषा त्यांची होती, यंत्रही त्यांच्या दारात होते. प्रमाणभाषेचा इतिहास शिकवणाऱ्यांना हा मोह किती बलवत्तर असतो ते ठाऊक आहे. त्यांनी उलटे केले. १९७७च्या आसपास भाषेत जे बदल झाले ते मुख्यतः या स्थलांतराच्या गरजेतून झाले: कोणत्या खणात कोणत्या जातीची वस्तू आहे हे स्पष्ट बोलण्याची सक्ती वाढली, आणि पत्ता व संख्या यांना एकच समजण्याची जुनी सैल सवय मोडीत निघू लागली. जॉन्सन यांनी ‘लिंट’ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. कपड्याला चिकटून राहणारे सुताचे बारीक तंतू, असा त्या शब्दाचा अर्थ. लिंट काहीही भाषांतरित करत नाही. तो केवळ संहिता वाचतो आणि इथे संशय येतो, इथे जात जुळत नाही, ही ओळ दुसऱ्या यंत्रावर दगा देईल, असे सांगत जातो. कंपायलर घाईत असतो, त्याला काम उरकायचे असते. चिकित्सकाचे काम त्यापासून वेगळे काढले गेले. भाषांतर आणि समीक्षा हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत हे यंत्रांच्या जगाने असे आपल्या गरजेतून शोधून काढले.

पुढे १९८९ साली अमेरिकन मानकसंस्थेने सीचे प्रमाण व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात मौनाच्याही तीन जाती पाडण्यात आल्या. काही गोष्टी दर यंत्राने आपापल्या ठरवाव्या, पण काय ठरवले ते लेखी सांगावे. अक्षराला ऋण चिन्ह चढते की नाही, ही त्यांतली. काही गोष्टी कशाही घडोत, सांगण्याचीही गरज नाही; पदांचा क्रम यात आला. आणि काही गोष्टी लिहिणाऱ्याने कराव्याच नयेत. केल्यास भाषा कशालाही बांधील नाही. आम्ही व्याकरणग्रंथ पुष्कळ चाळले आहेत. ‘इथे नियम नाही’ असे नियमाने सांगणारा, आणि नियम नसण्याचेही प्रकार लावणारा ग्रंथ आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

पण हे सारे भाषेविषयी झाले. कंपायलरच्या परीक्षेचे काय?

पहिली अडचण अशी की नव्या यंत्रावर आरंभी काहीच नसते. म्हणून कंपायलर जुन्याच यंत्रावर बसून नव्या यंत्राची भाषा बोलतो. पीडीपी-११वर चालणारा प्रोग्रॅम इंटरडेटाच्या आज्ञा लिहून काढतो, आणि त्या आज्ञा तिकडे नेल्या जातात. तिथे उत्तर चुकले की दोष कुणाचा? मूळ प्रोग्रॅमचा, कंपायलरचा, नव्या ऑपरेटिंग सिस्टीमचा, की यंत्राचाच? एरवी या चारांतले तीन तरी जुने आणि विश्वासाचे असतात. इथे चारही एकाच वेळी संशयित. म्हणून अगदी क्षुल्लक प्रोग्रॅमांपासून आरंभ करतात. एक बेरीज, एक तुलना, एक आवर्तन. मग फंक्शनला हाक मारून परत येणे. मग स्वतःलाच हाक मारणारे फंक्शन. लहान मुलाच्या पुस्तकातल्या ‘कमळ बघ’सारखा हा टप्पा आहे. त्याच्याविषयी फारसे कुणी लिहीत नाही, पण निम्मे दोष त्यातच पकडले जात असावेत असे आम्हाला वाटते.

पुढची परीक्षा मात्र रम्य आहे. जुन्या यंत्रावरून आलेला कंपायलर नव्या यंत्रावर चालू लागला की त्याच्याकडून त्याच्याच संहितेचा अनुवाद करून घ्यायचा. त्यातून निघतो दुसरा कंपायलर. त्या दुसऱ्याकडून पुन्हा त्याच संहितेचा अनुवाद करून घ्यायचा, हा तिसरा. आता दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवून बाइट न् बाइट ताडून पाहायचे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जीसीसी’ या कंपायलरच्या उभारणीत ही तीन पायऱ्यांची रीत आजही पाळली जाते. पहिल्याला दुसऱ्याशी ताडत नाहीत, कारण पहिला परक्या हातचा असतो. दुसरा आणि तिसरा मात्र एकाच संहितेचे आणि एकाच अर्थाने वागणाऱ्या अनुवादकांनी केलेले, म्हणून ते तंतोतंत सारखे असलेच पाहिजेत. एका बाइटचा फरक पडला तरी कुठेतरी अनुवाद चुकला.

फरक पडला नाही तर? तर कंपायलर स्वतःशी सुसंगत आहे इतकेच सिद्ध होते. जी रचना कंपायलरने स्वतःच्या लेखनात कधी वापरलीच नाही, तिचा अनुवाद पूर्ण चुकीचा असूनही ही परीक्षा निर्वेध पार पडते. कंपायलरला दशांशांचे गणित स्वतःसाठी क्वचितच लागते. म्हणून त्या गणिताचे दोष इथे दिसत नाहीत, आणि विल्यम कहान यांना १९८०च्या दशकात त्यासाठी निराळाच प्रोग्रॅम लिहावा लागला. त्याचे नाव त्यांनी ‘पॅरानॉइया’ ठेवले, म्हणजे अतिसंशयाचा विकार. संपादक म्हणून पोथ्या ताडलेल्यांना हे नाव आवडेल.

बाहेरून प्रश्न विचारण्याची ही रीत आणखी जुनी आहे. एडस्‌खर डाइक्स्ट्रा आणि याप झोनेव्हेल्ड यांनी १९६० साली ॲम्स्टरडॅमला ‘अल्गोल ६०’ या भाषेचा कंपायलर पूर्ण केला, आणि नंतर त्या भाषेचे अनेक कंपायलर आले. पण स्वतःला हाक मारणारी फंक्शने आणि बाहेरच्या वर्तुळातली नावे एकत्र आली की पुष्कळ कंपायलर अडखळत. १९६४ साली डोनाल्ड कनुथ यांनी काही ओळींचा एक प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. कोणता कंपायलर पुरुष आणि कोणता पोर हे त्याने कळेल, असे त्यांचे म्हणणे होते (नावातला पुरुषी तोरा त्या काळाचा). गंमत पुढे आहे. बरोबर उत्तर काय हे परीक्षकालाच ठाऊक नव्हते! कनुथ यांनी हाताने अंदाज बांधून उणे एकशे एकवीस हा आकडा दिला, तो बहुधा चुकीचा असेल असेही लिहिले आणि खरे उत्तर कळल्यास आनंद होईल असे कळवले. खरे उत्तर उणे सदुसष्ट निघाले. ते कसे ठरले? कंपायलरांनी दिलेल्या उत्तरांवरून. नमुना उत्तरपत्रिका विद्यार्थ्यांकडून तयार करून घेण्याचा हा प्रकार विद्यापीठांनी अजून तरी मान्य केलेला नाही.

एकविसाव्या शतकात यूटा विद्यापीठात ‘सीस्मिथ’ नावाचा प्रोग्रॅम तयार झाला. तो नियमांत बसणारे पण अर्थहीन असे प्रोग्रॅम यदृच्छेने रचतो, ते निरनिराळ्या कंपायलरांना देतो आणि उत्तरे जुळतात का पाहतो. त्याच्या कर्त्यांनी २०११ साली सांगितले की तीन वर्षांत त्यांनी सव्वातीनशेहून अधिक अज्ञात दोष कळवले. ते सर्व कंपायलर जगभर वापरात होते, आणि ज्याने त्याने आपापल्या परीक्षा पार केलेल्या होत्या.

इथवर दोष अनवधानाचे होते. दोष हेतुपुरस्सर असेल तर काय, हा प्रश्न केन थॉम्प्सन यांनी विचारला. १९८३चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना आणि रिचींना मिळाला, त्या निमित्ताने दिलेल्या आणि ऑगस्ट १९८४मध्ये छापून आलेल्या भाषणात. त्यातले एक उदाहरण आम्ही वर्गात नेहमी सांगतो. सीमध्ये ‘नवी ओळ’ लिहायची तर उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे ‘एन’ हे अक्षर लिहितात. कंपायलरला हे कसे कळते? त्याच्या संहितेत लिहिलेले असते: तिरकी रेघ आणि एन दिसले तर ‘तिरकी रेघ आणि एन’ हे मूल्य घे. नवी ओळ म्हणजे कितवा क्रमांक, हे संहितेत कुठेच नाही! कुणीतरी, केव्हातरी, एकदाच, तो आकडा लिहिला. कंपायलरने तो शिकून घेतला. नंतर संहितेतून आकडा काढून टाकला. पुढचे सगळे कंपायलर आपल्या आधीच्या कंपायलरकडून तो शिकत आले. ज्ञान संहितेत नाही, ते परंपरेत आहे. मौखिक परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, पण लेखनावर सर्वस्वी विसंबून असलेल्या शास्त्राच्या पोटात अशी मौखिकता सापडावी हे आम्हाला विलक्षण वाटते. स्थलांतरात याचा अर्थ काय होतो तेही ध्यानात घ्यावे. नव्या यंत्राची अक्षरक्रमांकाची पद्धत वेगळी असेल तर हा आकडा बदलायला हवा. तो शोधायला संहिता उघडली तर तिथे तो नाहीच.

थॉम्प्सन यांनी हीच युक्ती दुष्ट कामाला लावून दाखवली. कंपायलरला असे शिकवायचे की प्रवेशपरवाना तपासणाऱ्या ‘लॉगइन’ या प्रोग्रॅमचा अनुवाद करताना त्यात एक चोरदरवाजा बसव. आणि दुसरी शिकवण अशी की स्वतःच्या संहितेचा अनुवाद करतानाही या दोन्ही शिकवणी गुपचूप पुढे दे. मग संहितेतून दोन्ही पुसून टाकायच्या. संहिता शुद्ध, लॉगइनची संहिता शुद्ध, आणि तरीही प्रत्येक नव्या कंपायलरमध्ये चोरदरवाजा. तीन पायऱ्यांची ती रम्य परीक्षा इथे निरुपयोगी होते, कारण दुसरा आणि तिसरा सारखेच भ्रष्ट, म्हणून सारखेच.

पोथ्यांच्या व्यवहारात या अवस्थेवर उपाय ठरलेला आहे. एकाच पोथीवरून उतरलेल्या शंभर नकला एकमेकींशी जुळल्या तरी ती साक्ष एकाचीच. पण उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची, एकमेकींशी संबंध नसलेली परंपरा एखाद्या पाठावर एकमत होत असेल तर तो पाठ जुना मानावा. वि. स. सुकथनकर यांनी पुण्यात भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी हेच तत्त्व पायाशी ठेवले होते. डेव्हिड व्हीलर यांनी २००५ साली, आणि पुढे २००९च्या आपल्या प्रबंधात अधिक तपशिलाने, कंपायलरसाठी जी रीत मांडली ती याच जातीची आहे. सुकथनकर त्यांना ठाऊक असण्याचे काही कारण नाही. संशयित कंपायलरची संहिता एका सर्वस्वी निराळ्या घराण्यातल्या कंपायलरला अनुवादासाठी द्यायची. जो निघेल तो बाइटांनी वेगळा दिसेल, कारण हात वेगळा. पण अर्थाने तो तसाच वागायला हवा. म्हणून त्याच्याकडून तीच संहिता पुन्हा अनुवादून घ्यायची आणि हा अनुवाद संशयिताने केलेल्या स्वतःच्या अनुवादाशी ताडायचा. तंतोतंत जुळला, तर संहितेत नाही असे काही संशयिताच्या पोटात नाही. अपवाद इतकाच, की दोन्ही घराण्यांत एकच कपट असेल.

व्हीलर यांनी ही रीत प्रथम ‘टाइनी सी कंपायलर’ या छोट्या कंपायलरवर चालवून पाहिली. पहिल्या खेपेला दोन अनुवाद जुळले नाहीत. कारण शोधले तेव्हा चोरदरवाजा निघाला नाही. जे निघाले त्यातला एक दोष आपल्या ओळखीचा होता. लहान खणातली आठ बिटांची संख्या मोठ्या खणात ओतताना वरची जागा चिन्हाच्या बिटाने भरायला हवी होती, आणि तो कंपायलर ती भरत नव्हता.